गेम उघडेपर्यंत

ऑपरेटरबाईंना मालट्रक चालवता येतो हे त्यांच्या इमारतीत कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी कोणी विश्वास ठेवला नसता. ज्या बाई लिफ्टचं बटण दाबायच्या आधी चष्मा पुसून घेतात, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघून पुन्हा पहिल्या बाजूला बघतात, त्या बाई अठरा चाकांचं धूड उलटं घेऊन गोदामाच्या दाराला अचूक लावतात असं कोणी म्हणालं असतं, तर लोकांनी त्याच्याच कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण लावायच्या हो! दर रविवारी दुपारी, मागच्या खोलीत, खुर्चीवर दोन उशा घेऊन आणि कानांवर हेडफोन चढवून.

हेडफोनची सवय जुनी. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. ह्याची लाइन त्याला जोडायची, त्याची तिसऱ्याला. पुढे सगळं आपोआप जोडलं जायला लागलं, एक्स्चेंजला कुलूप लागलं आणि बाईंकडे उरलं ते पेन्शन आणि हे नाव. मुलगा शाळेत असतानाच नवरा गेला होता. मुलगा शिकला, नोकरीला लागला, आणि नोकरीने त्याला उचलून दुसऱ्या देशात नेऊन ठेवलं. आयुष्यभर लोकांची बोलणी जुळवून दिलेल्या बाईंचं स्वतःचं बोलणं मात्र मुलाशी फोनवर काही केल्या जुळेना.

"जेवलास का?"

"जेवलो. तू?"

"जेवले. थंडी आहे का तिकडे?"

"आहे थोडी."

"बरं मग."

"बरं."

संपलं. दोघांनाही पुढे काय बोलायचं ते सुचायचं नाही आणि फोन आधी ठेवायचा कोणी, याची पंचाईत व्हायची.

मग मुलानेच ही युक्ती काढली. जाताना तो आपला गेमिंगचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत ठेवून गेला होता. टेबलाखाली बसवलेला काळा डबा, अंगावर कॉलेजच्या वयात चिकटवलेली चित्रं, त्यातली दोन अशी की बाईंनी त्यांच्यावर कॅलेंडरचं पान चिकटवून टाकलं होतं. तिकडे त्याने दुसरा घेतला होता. त्याने फोनवरून एकेक बटण सांगत आईला ट्रकचा गेम शिकवला. दोघांनी आपापला ट्रक घ्यायचा, माल भरायचा आणि एकामागे एक लांबच्या लांब रस्त्याने जायचं. कोणाला मारायचं नाही, कशातून पळायचं नाही. बाईंना पहिले काही महिने खांब, कुंपण आणि टोलनाके यांतलं काहीही सोडवेना, पण हळूहळू हात बसला.

आता खरी गोष्ट अशी, की बाईंना ट्रकचं काडीचं कौतुक नव्हतं. त्या टपून असायच्या ते गेम उघडण्याआधीच्या वेळावर. मुलाचा गेम चुटकीसरशी उघडायचा. बाईंचा डबा जुना. त्यांच्या पडद्यावर एक गोल गरगरायला लागायचा तो गरगरतच राहायचा. बाई चहा करून आणायच्या, तो निवायचा, प्यायच्या, तरी गोल आपला फिरतोच आहे. आणि तेवढा वेळ तिकडे मुलगा हेडफोन लावून, रिकाम्या हातांनी, आईची वाट बघत बसलेला. बसल्या बसल्या काय करणार? बोलायचा. त्यांच्या ऑफिसात एक कपचोर होता, तो दुसऱ्यांचे चहाचे कप पळवायचा आणि रंगेहाथ सापडला की कपाला उद्देशून म्हणायचा, अरे, तू इथे कसा? त्याच्या गोष्टी. भात तळाला लागल्याची गोष्ट. बाबांचा स्वेटर घालून बघितला तर आता अगदी बरोबर बसतो, ही गोष्ट. फोनवर चिमटा काढूनही निघालं नसतं ते सगळं त्या गोलाच्या कृपेने आपसूक निघायचं.

गेम उघडला की हा मुलगा संपला आणि दुसराच सुरू. "डावीकडे घे, आई. इंडिकेटर. आई, इंडिकेटर!"

बाईंना याचं नवल वाटत नसे. थांबलेला माणूस बोलतो, हे त्यांनी नोकरीत पुरेपूर बघितलं होतं. लांबची लाइन लागेपर्यंत लोक ऑपरेटरशीच बोलत. एक जण भावाच्या फोनची वाट बघता बघता बाईंना सांगत होता, की आम्ही लहानपणी एकाच अंथरुणात झोपायचो, आता त्याचा चेहरा आठवायला जुना फोटो बघावा लागतो. सांगताना त्याचा आवाज फुटला. इतक्यात लाइन लागली, आणि पठ्ठ्या भावाला काय म्हणाला, तर "काय, ठीक ना? इकडे सगळं ठीक." बाईंना इतका राग आला होता, की लाइन तोडून पुन्हा त्याला वाट बघायला बसवावं असं वाटलं.

तर एका रविवारी गोल फिरत असताना मुलगा म्हणाला, "आई, तुला एक सांगायचं होतं. म्हणजे तसं काही नाही, पण–"

आणि नेमका तेव्हाच मेला तो गेम उघडला. ट्रकच्या इंजिनाची घरघर सुरू झाली.

"उघडला वाटतं?" मुलाने विचारलं.

बाई सरळमार्गी. "हो," म्हणाल्या.

"मग राहू दे. पुढच्या वेळी सांगतो."

बाईंनी स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या दिवशी त्यांनी दोन खांब पाडले. गाडी लावून झाल्यावर मुलगा म्हणाला, "आणि हो, या गेमची नवी आवृत्ती येतेय. जुनी बंद होणार. तुझ्या मशीनवर नवी चालायची नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तरी बदलावंच लागेल. नाहीतर सरळ नवीन कॉम्प्युटर घे, मी पैसे पाठवतो. पटकन उघडेल, तुझी ती रखडपट्टी संपेल."

मधे बाईंनी फोन करून विचारलंच. "काय सांगणार होतास रे?"

"कुठे काय? सहज."

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे गं."

"बरं मग."

"बरं."

बाई फोन हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिल्या. मुलाच्या मनात काहीतरी आहे आणि ते त्या गरगरत्या गोलाशिवाय बाहेर पडणार नाही, एवढं त्यांना स्वच्छ कळलं होतं. कॉम्प्युटर सुधारला नाही, तर रविवार गेला. सुधारला, तर गोल गेला. इकडे आड आणि तिकडे विहीर.

दुकान बाजाराच्या मागच्या रस्त्याला, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. भिंतभर रंगीत खोके, आणि मधे एका उंच स्टुलावर दुकानदार बसलेला. चाळिशीचा, पोट सुटलेला, डोळ्यांत मात्र शाळकरी पोराचा उत्साह. बाई टॅक्सीवाल्याच्या मदतीने काळा डबा वरपर्यंत घेऊन आल्या तेव्हा त्याने आधी डब्याकडे बघितलं, मग कॅलेंडरच्या पानाकडे, मग बाईंकडे.

"काकू, नातवाचा का?"

"माझा," बाई म्हणाल्या.

दुकानदाराने शहाण्यासारखा पुढचा प्रश्न केला नाही. डबा उघडला, आतली धूळ फुंकली, आणि तोंडाने चकचक आवाज काढत म्हणाला, "म्हातारा झालाय हो. गेम कुठला खेळता?"

बाईंनी सांगितलं. तो एकदम खुलला. "अरे वा! ट्रकचा! मी खेळायचो. आता दुकान आणि पोरं, वेळ कुठला? तुम्हाला उलटा लावता येतो? जोड-ट्रेलर?"

"येतो की."

"मला नाही आला कधी," तो म्हणाला, आणि त्याने बाईंना बसायला स्वतःचं स्टूल दिलं.

मग त्याची गाडी जी सुटली ती थांबेना. प्रोसेसर म्हणजे विचार करणारा. रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्या कुठे वळणार, तुमचा ट्रेलर किती झुकणार, हे हिशेब त्याचे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्र काढणारा. एकाने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. या बोर्डावर अगदी नवा प्रोसेसर बसायचा नाही, खाचा वेगळ्या. पण याच बोर्डासाठी निघालेला सगळ्यात वरचा आपल्याकडे आहे, तो घ्या. कार्डं दोन दाखवतो. त्याने एक मोठा खोका काढला. आत तीन पंख्यांचं कार्ड, पाटाएवढं.

"हे नको," बाई म्हणाल्या. "हे डब्यात मावणार कसं?"

"मावणारच नाही!" दुकानदार आनंदाने म्हणाला. बाईंच्या ते लक्षात आलं याचंच त्याला कौतुक. "आणि तुमचा पडदा लहान, त्याला हे कशाला? शिवाय तुमचा प्रोसेसर याला पुरा पडायचा नाही. हे बिचारं हातावर हात ठेवून बसेल, पुढचा हिशेब येण्याची वाट बघत."

'वाट बघत' म्हटल्याबरोबर बाईंनी मान वर केली.

"म्हणजे एक दुबळा असला की दुसऱ्याला थांबावं लागतं?"

"हो ना."

"मग तसंच द्या. एक जरा दुबळा."

दुकानदाराला वाटलं आपण नीट समजावलं नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला कळलं हो. पण गेम उघडायला वेळ लागला पाहिजे. चालताना नीट चालू दे. उघडताना मात्र जरा रेंगाळू दे. असं काही मिळेल का?"

दुकानदाराने खोका खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्याच्याकडे लोक वेग मागायला आले होते. हा पदार्थ पहिल्यांदाच मागितला जात होता.

"काकू, उघडायचा वेळ या दोघांच्या हातात नसतो," तो सावकाश म्हणाला. "तो या डिस्कच्या हातात." त्याने डब्यातल्या एका चपट्या लोखंडी डबीवर बोट ठेवलं. "गेम यात साठवलेला असतो. ही जुनी, फिरणारी. सगळा खोळंबा हिचा. ही बदलून नवी टाकली ना, की तुमचा चहा कपात ओतेपर्यंत गेम हजर."

"मग तिला हात लावू नका," बाई इतक्या घाईने म्हणाल्या की दुकानदार दचकला. "प्रोसेसर बदला, हे मधलं कार्ड घाला. ही डिस्क मात्र आहे तशी राहू दे."

"पण का?"

का ते बाई सांगू शकत होत्या. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, माणूस भला होता, आणि त्यांना कोणाला तरी सांगावंसं फार वाटत होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझा मुलगा माझ्याशी फक्त वाट बघताना बोलतो, हे? त्यांनी पर्स उगीच उघडून मिटली. "मला कसली घाई आहे?" म्हणाल्या. "एकटं माणूस. वेळ आहे भरपूर."

दुकानदाराने पर्स बघितली, बाईंची जुनी चप्पल बघितली, आणि त्याला जे समजायचं ते तो समजला.

दोन दिवसांनी डबा घरी आला. दुकानदार स्वतः घेऊन आला, स्वतः वायरी जोडल्या, पडद्याची वायर नव्या कार्डालाच लावायची, जुन्या जागी नाही, हे पुन्हा पुन्हा बजावलं. बिल ठरल्याप्रमाणेच होतं. चहा पिऊन दारातून निघताना तो लाजत म्हणाला, "काकू, एक आगाऊपणा केलाय. रागवू नका. डिस्क नवीच टाकलीय. माझ्याकडून. जुन्यावरचं सगळं तिच्यावर आणलंय, काही गेलं नाही. तुम्ही या वयात ट्रेलर उलटा लावता, आणि त्या गोलाकडे बघत बसणार? मला नाही बघवलं."

माणसाच्या चेहऱ्यावर देवाला नैवेद्य दाखवल्यासारखं समाधान. त्यांनी कसंबसं "अहो, कशाला" म्हटलं. ते त्याला आभारासारखं ऐकू आलं आणि तो जिना दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

रविवारी बाईंनी गेमवर बोट ठेवलं आणि उचलायच्या आत तो उघडला. रस्ता लख्ख. झाडांची पानं वेगवेगळी दिसत होती, काचेवर आभाळ दिसत होतं. चहा अजून गॅसवर होता.

"काय, उघडला?" मुलगा म्हणाला.

"उघडला," बाई म्हणाल्या.

"अरे वा! मस्तच की! चल मग."

आणि निघाले. काय सांगू, सुंदर रस्ते होते. वाटेत बाईंनी विषय काढून बघितला. "तुला काहीतरी सांगायचं होतं ना रे?"

"समोर बघ, वळण आहे," मुलगा म्हणाला.

माल पोचला, ट्रक उभे राहिले, "चल, पुढच्या रविवारी," झालं. बाईंनी हेडफोन काढला आणि घर एकदम केवढं तरी मोठं वाटायला लागलं. चहा आटून भांड्याला लागला होता. भांडं घासता घासता त्यांना रडू आलं. आपण रडतोय आणि ते कोणाला ऐकू जाण्याची भीती नाही, या विचाराने आणखीच आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानदाराला फोन केला. जुनी डिस्क परत बसवून मिळेल का?

वाढलेलं ताट परत यावं तसा तो दुखावला होता. "काही बिघडलं का, काकू?"

"नाही हो, छान चालतंय. पण ती जुनी..."

"ती तर फोडली मी. हातोड्याने. तुमचं खासगी काही असेल तिच्यात, दुसऱ्या कोणाच्या हाती लागायला नको म्हणून." मग घाईघाईने, "चुकलं का?"

"नाही, बरोबर केलंत," बाई म्हणाल्या. आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? चांगुलपणाने सर्व बाजूंनी घेरून त्यांचा घात केला होता.

आठवडाभर त्यांनी डोक्याचा भुगा केला. मुलाला सरळ म्हणावं, अरे, जरा बोल माझ्याशी? म्हणून बघितलं होतं पूर्वी. तो घाबरून "काय बोलू?" म्हणाला होता, आणि त्यांनाही सांगता आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी हेडफोन चढवला, बोट ठेवलं, गेम तात्काळ उघडला. गोदामाचं आवार, त्यांचा लाल ट्रक, बाजूला मुलाचा निळा. बाईंनी ओठ घट्ट मिटले.

"उघडला?" मुलगा म्हणाला.

नोकरीत बाईंनी कोणाला खोटं 'लाइन बिझी आहे' सांगितलं नव्हतं. साहेबांनी सांगायला लावलं तरी नाही.

"नाही रे, अजून," त्या म्हणाल्या. "फिरतोय गोल."

मुलगा खाकरला. बाईंना वाटलं, ओळखलं याने.

"नवं मशीन ना? कधी कधी वेळ घेतात नवी मशीनं," तो म्हणाला. "थांबू या. घाई काय आहे?"

"हो ना. घाई काय आहे?"

बाईंनी श्वाससुद्धा जपून घेतला.

"आई, ते मागे मी म्हणत होतो ना."

"हं."

"माझं ऑफिस बंद झालंय. म्हणजे नोकरी आहे, काळजी करू नकोस. पण ती इमारत त्यांनी सोडली. सगळ्यांनी घरून काम करायचं. त्यालाही आता वर्ष होईल."

"वर्ष?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. "आणि तुझा तो कपचोर?"

"तो केव्हाच सोडून गेला. मी तुला जुन्याच गोष्टी सांगायचो. थोड्या फिरवून." तो हसल्यासारखं करायला गेला. "मग संपल्या. आता नवीन कुठून आणू? मी कोणाला भेटतच नाही, आई. दुकानात जातो, तिथे पैसे घ्यायलाही मशीन. काम सगळं लिहून चालतं. रविवारी तुला हॅलो म्हणतो ना, तो आठवड्यातला माझा पहिला शब्द असतो. म्हणून घसा बसलेला असतो. आणि तू गुळण्या करायला सांगतेस."

खरं होतं. दर रविवारी त्या सांगायच्या, मिठाच्या पाण्याच्या. मोठ्या वैद्याच्या थाटात सांगायच्या. बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त माया. एवढा मोठा बाप्या झालेला मुलगा, बाबांच्या स्वेटरात बसून आठवडाभर गप्प.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काळजी करशील म्हणून. आणि तू तिकडे एकटी. तुला कुठल्या तोंडाने सांगू, की मी एकटा आहे?"

"त्याच तोंडाने सांगायचं," बाई म्हणाल्या. "अरे, मला काय इथे दरबार भरलाय? त्या कॉम्प्युटरवाल्याचं मी किती डोकं खाल्लं, विचार त्याला. त्याने बसायला स्टूल दिलं, तर मला उठवेना तिथून. कोणीतरी काहीतरी समजावून सांगतंय आपल्याला, एवढ्यावर मी खूश. प्रोसेसर म्हणे आणि कार्ड म्हणे. त्याने रात्रीपर्यंत सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं."

मुलगा हसला. या वेळी खरंच हसला, आणि हसता हसता त्याचं नाक वाजलं. बाईंनाही पदर हवा झाला डोळ्यांना. पदर घ्यायला हात वळवला तो कोपर नेमका कीबोर्डवर टेकला, आणि त्यांच्या लाल ट्रकने गोदामाचं आवार दणाणून सोडणारा हॉर्न दिला.

हॉर्न दोघांच्याही कानात वाजला होता. आता यावर कुठली थाप मारायची?

"आई," मुलगा म्हणाला.

बाईंनी कीबोर्डवरचा कोपर हळूच उचलला.

"तू गेममध्ये आलीस की तुझा ट्रक मला लगेच दिसतो. तो मघापासून माझ्या शेजारी उभा आहे."

बाईंच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिकडून आपण कसे दिसतो, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. "मग बोलला का नाहीस?" त्यांनी अपराधी आवाजात विचारलं.

"मागच्या रविवारी तू म्हणालीस ना, उघडला म्हणून? मला इतकं कसंतरी झालं. मशीन बदल म्हणून मीच तुझ्या मागे लागलो होतो, आता थांब कसं म्हणणार? आज तुझा ट्रक समोर दिसतोय आणि तू म्हणतेस, गोल फिरतोय. मला इतकं बरं वाटलं, आई."

मागे गेमच्या बाकीच्या गाड्यांची रांग लागली होती. एकेक जण भोंगे वाजवत होता.

"लोक खोळंबलेत रे," बाई म्हणाल्या.

"खोळंबू देत. कॉम्प्युटरची माणसं ती, त्यांना कुठे घरी जायचंय?"

बाईंनी ट्रकचं इंजिन बंद केलं. मग गेमचा आवाजच घालवला. तिकडे त्यानेही घालवला असावा, कारण हेडफोनमधली घरघर थांबली आणि बाईंना आज पहिल्यांदा मुलाची खोली ऐकू आली. फ्रिजचा हुंकार. खुर्ची करकरली ती. आणखी काही नाही. किती तरी महिने तो या आवाजात राहत होता.

"तुझ्या खोलीला खिडकी आहे का रे?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत हे कधी विचारलंच नव्हतं.

"आहे की. टेबलाच्या मागे."

"काय दिसतं तिच्यातून?"

"रस्ता. समोर एक केस कापायचं दुकान." तो जरा घुटमळला. "पडदा ओढलेला असतो. कॉम्प्युटरवर उजेड पडतो ना, गेम नीट दिसत नाही."

"आज गेम कुठे बघायचाय?" बाई म्हणाल्या. "उघड बघू. मला ऐकू दे."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. पडदा सरकला, कडी ओढली, ती अडकली, पुन्हा ओढली. मग एकदम बाईंच्या कानात तो सगळा अनोळखी रस्ता शिरला. गाड्या, कोणाची तरी सायकलची घंटा, आणि खाली एक बाई कोणाला तरी हाका मारत होती. बाईंना ती भाषा कळत नव्हती. त्या हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून ऐकत राहिल्या.